विसरण्याचा दाखला

डिमेन्शियासाठी, म्हणजे स्मृतिभ्रंशासाठी, काढलेलं आईचं दिव्यांग प्रमाणपत्र हातात येऊन आता दहा महिने झाले. गेल्या दोन महिन्यांत तिघांनी फोन करून विचारलं, "डिमेन्शियाला सरकारकडून काही मिळतं का? तुम्ही कसं केलंत?" फोनवर दर वेळी निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. पैशांच्या आशेनं वाचत असाल तर आधीच सांगतो, आम्हाला मिळाले ते फार थोडे. तरीही कागद काढून ठेवा असंच मी म्हणेन. का, ते पुढं येईलच.

उन्हाळ्याच्या तोंडावर कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीतल्या बायका चटणीचं प्रमाण विचारायला आईकडं यायच्या. ब्याडगी किती, संकेश्वरी किती, खोबरं कुठवर भाजायचं, हे सगळं तिच्या हातात होतं, कागदावर कधीच नव्हतं. मार्च २०२२ मध्ये पाच किलोच्या चटणीत तिनं मीठ दोनदा घातलं. "यंदा मिरचीच खारट आलीया," म्हणाली. आम्ही हसलो. त्याच वर्षी ऑक्टोबरात नेहमीच्या डॉक्टरांकडं बीपीसाठी गेलो तेव्हा बायकोनं सहज विषय काढला, आणि त्यांनी चिठ्ठीवर 'सहा महिन्यांपासून विसरभोळेपणा' एवढंच लिहिलं. ती चिठ्ठी मी रद्दीत टाकणार होतो. टाकली नाही, हे नशीब.

पुढच्या वर्षी श्रावणात ती अंबाबाईला म्हणून गेली आणि दुपारी पापाच्या तिकटीला एका दुकानाच्या पायरीवर सापडली. दुकानदारानं पाणी दिलं होतं. मला बघून म्हणाली, "आमचं घर हितंच हुतं की रं. कुणी हलवलं?"

मग मेंदूच्या डॉक्टरांकडं. एमआरआयचे ७,००० रुपये गेले. शिवाय बी-१२ आणि थायरॉईड तपासलं, कारण त्यांच्या कमतरतेनंही माणूस विसरायला लागतो आणि ते औषधानं भरून येतं. दोन्ही ठीक निघाले. तेव्हा वाटलं, काहीतरी कमी निघालं असतं तर बरं झालं असतं. तीस गुणांच्या चाचणीत आईला तेरा मिळाले. घड्याळ काढायला सांगितलं तर तिनं गोल छान काढला आणि आकडे सगळे एकाच बाजूला, सावलीला बसवल्यासारखे. अल्झायमर प्रकारचा डिमेन्शिया, डॉक्टर म्हणाले. डोनेपेझिल सुरू झाली. ती आता आम्ही जनऔषधी केंद्रातून घेतो, खर्च बराच कमी होतो.

त्यानंतर वर्षभर आम्ही कसल्याच कागदाच्या मागं लागलो नाही. अर्ज, शिक्के हे सुचायला डोकं जागेवर लागतं, आणि ते कुणाचंच नव्हतं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. आईनं लग्न झाल्यापासून तिथं किती नाटकं पाहिली असतील त्याला हिशेब नाही. सकाळी टीव्हीवर बघून ती रडली. तासाभरानं विसरली. पुन्हा बातमी लागली, पुन्हा नव्यानं रडली. तिसऱ्यांदा झालं तेव्हा बायकोनं टीव्हीची वायरच काढली. त्या रात्री तिनं कालनिर्णयवर, ९ तारखेच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाखाली लिहिलं : 'नाट्यगृह. ३ दा रडल्या.' का लिहिलं, तिलाही सांगता येणार नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा लिहिलं. 'गॅस चालू.' '२ ली. रात्री २ ला दार उघडलं.' 'मला ओळखलं नाही, संध्याकाळी ओळखलं.' चौकट लहान, त्यामुळं अक्षर बारीक. आमच्या प्रमाणपत्राचं खरं काम या कॅलेंडरनं केलं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये हालचाल सुरू झाली ती वेगळ्याच कारणानं. २९ ऑक्टोबरला सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं होतं, उत्पन्नाची अट नसलेलं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. आईचं आधारवरचं वय ७३ (जन्मतारीख अर्थातच १ जून, त्या पिढीतली निम्मी माणसं १ जूनलाच जन्मली). कार्ड निघालं. पण ते दवाखान्यात दाखल व्हायला. डिमेन्शियाचा खर्च घरात असतो. डायपर, रोजच्या गोळ्या, दिवसभर लक्ष ठेवायला येणाऱ्या मावशींचे महिन्याला १०,००० रुपये, यातलं काहीही त्यात बसत नाही. म्हणून एक दिवस जेवणाच्या सुट्टीत एल्डरलाइनला, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, १४५६७ वर, फोन लावला. पलीकडच्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "यूडीआयडी काढलंय का?" म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र.

इथं एक गोष्ट कळायला मला आठवडा गेला. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यांत 'डिमेन्शिया' हा शब्दच नाही. आहे तो 'मानसिक आजार', आणि त्याच्या व्याख्येत स्मरणशक्ती आणि भान यांचा बिघाड येतो. आपल्याला त्या दारानं आत जायचं असतं. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे, फॉर्म भरण्यात स्वतःला शहाणा समजतो. तरी घाईत अर्ज एका नेट कॅफेतून भरून घेतला आणि त्या मुलानं यादीतलं 'बौद्धिक दिव्यांगत्व' निवडलं. मीही न वाचता हो म्हटलं. त्या चुकीपायी महिना वाया गेला. स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे या कार्डाच्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ज फुकट असतो, आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. शक्यतो घरीच भरा, आणि प्रकाराच्या रकान्यात 'मानसिक आजार' आहे ना ते दोनदा बघा.

घरात यावरून एक प्रसंग झाला. आत्ती आली होती, तिनं मोबाईलवर तो शब्द वाचला. "आईला येडी ठरवतोस व्हय रं?" मी काहीबाही समजावलं. बायको आतून म्हणाली, "आत्ती, कागदावर काय बी लिहू दे. रात्री दोन वाजता दार मीच लावते."

डिसेंबरच्या मध्याला सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभागात पहिली फेरी. दिव्यांगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाचा वार ठरलेला असतो, तो आधी विचारूनच जा. रिक्षानं गेलो, कारण आईला गर्दीच्या बसमध्ये चढवणं आता होत नाही. केसपेपर काढला, डॉक्टरांनी फाइल चाळली आणि विचारलं, आजार किती दिवसांचा? निदान सप्टेंबर २०२३ चं. तेवढ्यात मला 'विसरभोळेपणा' वाली चिठ्ठी आठवली. गुणांकनात आजाराच्या कालावधीला वेगळे गुण असतात, त्यामुळं सर्वांत जुना कागद सर्वांत मोलाचा. ती चिठ्ठी आणि मूळ एमआरआय घेऊन जानेवारीत बोर्डापुढं यायला सांगितलं.

या मोजमापाला 'आयडियाज' म्हणतात. चार गोष्टी बघतात : स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकी शून्य ते चार, त्यात कालावधीचे चारपर्यंत, एकूण वीस. सात गुणांपासून ४० टक्के धरतात, आणि ४० च्या खाली बहुतेक सवलतींचा उपयोग नाही. हे आधी माहीत असतं तर बायकोच्या नोंदी मी या चार मथळ्यांखाली लिहून नेल्या असत्या. तुम्ही न्या.

जानेवारीतला तो दिवस. सकाळी सातला उठवून आंघोळ घातली, आईनं हट्टानं इरकल नेसली. पाहुण्यांकडं जायचंय अशी तिची समजूत. नऊ वाजता पोचलो, नंबर लागायला साडेबारा झाले. बाकावर ती शेजारच्या बाईला चटणीचं प्रमाण सांगत बसली होती, आणि खरं सांगतो, प्रमाण बरोबर होतं.

आत गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आज वार कुठला?"

"तुम्ही शिकल्याली माणसं," आई हसून म्हणाली, "तुमास्नी ठावं असणार की."

"जेवलात का?"

"जेवलो की. तांबडा-पांढरा." (सकाळपासून तिच्या पोटात चहा आणि दोन बटर होते.)

"हे कोण?"

माझ्याकडं बघितलं. क्षणभर थांबली. "घरचंच हाईत."

कोणालाही वाटावं, म्हातारी ठणठणीत आहे. डिमेन्शियाची माणसं परक्यापुढं अशी सावरून बसतात. घरी दिवसभर जे चालतं त्यातलं एक टक्का डॉक्टरांपुढं दिसत नाही, आणि मग आपणच कांगावा करतोय असं वाटायला लागतं. मी बोलायला तोंड उघडलं, पण बायकोनं पिशवीतून गुंडाळी काढून टेबलावर ठेवली. २०२४ चं कालनिर्णय. ऑगस्ट ते डिसेंबर. डॉक्टरांनी पहिलं पान वाचलं, मग दुसरं. मध्येच विचारलं, "हे '१ ली.' म्हणजे काय?" बायको म्हणाली, "ते दुधाचं." डॉक्टर मान हलवून पुढं वाचत राहिले.

मग त्यांनी मला थेट प्रश्न विचारले. कपडे स्वतः घालतात का. संडास-लघवीचं कळतं का. आई शेजारीच. मी सांगत होतो, कपडे खराब होतात, कधी कपाटाच्या कोपऱ्यात लघवी करते. आईनं इरकलीचा पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि भिंतीकडं तोंड केलं. पाच मिनिटांत ती हे विसरणार, हे मला माहीत होतं. ती पाच मिनिटं मात्र तिची होती, आणि ती मी तिला दिली होती. नंतर कळलं, 'हे जरा बाजूला बोलू का?' एवढं विचारलं तरी डॉक्टर हो म्हणतात. कुणाला तरी सोबत न्या, पेशंटला बाहेर बसवायला, आणि हे प्रश्न आले की विचारा.

१८ फेब्रुवारी २०२५ ला मोबाईलवर संदेश आला. ७५ टक्के, पाच वर्षांसाठी. प्रमाणपत्र पोर्टलवरून उतरवून घेतलं, कार्ड एप्रिलमध्ये पोस्टानं आलं. पिवळं. ४० ते ८० टक्क्यांच्या आत असलं की पिवळं, ८० पासून पुढं निळं. अर्जापासून कार्डापर्यंत पाच महिने, तीन फेऱ्या, दोन बुडालेले पगारी दिवस, आणि रिक्षा, झेरॉक्स, चहा धरून १,४०० च्या आसपास खर्च. सरकारी फी शून्य.

आता मिळालं काय ते. संजय गांधी निराधार योजना ६५ च्या आतल्यांना, दिव्यांग असल्यास कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० पर्यंत. ६५ नंतर श्रावणबाळ, तिथं मर्यादा २१,०००. माझ्या पगारामुळं आम्ही दोन्हींत बसत नाही, आणि बसायलाही नको. पण आमच्याच गल्लीतल्या, धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंच्या सासूबाई बसल्या. त्यांचा अर्ज तहसीलच्या संजय गांधी विभागात मी भरून दिला. दरमहा १,५०० मिळायचे, दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झाले. मुख्यमंत्री वयोश्रीतून ६५ पुढच्यांना चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची, वॉकर असल्या साधनांसाठी एकदाच ३,००० खात्यावर येतात, उत्पन्न २ लाखांच्या आत हवं. ती चौकशी विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात होते.

मला मिळाली ती आयकराची सूट. जुन्या पद्धतीनं कर भरणाऱ्याला कलम ८०डीडीखाली दिव्यांग अवलंबितासाठी सरसकट ७५,००० ची वजावट (८० टक्क्यांपासून पुढं सव्वा लाख), शिवाय ८०डीडीबीखाली उपचाराचा प्रत्यक्ष खर्च, ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत. या दुसऱ्या यादीत मात्र डिमेन्शिया नावानिशी आहे, ४० टक्क्यांच्या अटीसह, आणि मेंदूविकारतज्ज्ञांची चिठ्ठी लागते. मी हौसेनं दोन्ही पद्धतींचा हिशेब मांडला. २०२४-२५ साठी जुनी पद्धत निवडून माझे वाचले जेमतेम चार हजार. आणि प्रमाणपत्र यायच्या सतरा दिवस आधी बजेट आलं होतं, त्यात नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर माफ. म्हणजे पुढच्या वर्षीपासून माझ्या पगाराला त्या वजावटीचा उपयोगच उरला नाही. ऑफिसात मी हे सांगितलं तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. तुमचा पगार मोठा असेल तर तुमचा हिशेब वेगळा येईल, करून बघा.

सांभाळणाऱ्याचं काय? बायको घरी साड्यांना फॉल-बिडिंग करायची, महिन्याला सहा-सात हजार यायचे. ते २०२३ पासून बंद आहे. दिव्यांग कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांच्या बाबतीत सांभाळणाऱ्याच्या भत्त्याचा उल्लेख आहे. केरळमध्ये 'आश्वासकिरणम्' नावानं महिन्याला ६०० रुपये देतात. आमच्या पदरात असलं काही पडलेलं नाही. तिला खरा उपयोग झाला तो टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६. चोवीस तास चालतं, मराठीत बोलतात. एकदा पहाटे तीनला तिनं स्वयंपाकघरात बसून अर्धा तास फोनवर बोलून घेतलं. काय बोलली ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मी रजा टाकली आणि ती माहेरी कागलला जाऊन दिवसभर झोपून आली. आता महिन्यातून एक दिवस तिचा. त्याला शासन निर्णय लागत नाही, माझ्या डोक्यात यायला मात्र दोन वर्षं लागली.

दोन गोष्टी अजून, दोन्ही आधी केल्या असत्या तर बरं झालं असतं. घर आईच्या नावावर आहे. वकिलांकडं गेलो तेव्हा कळलं, मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते मुखत्यारपत्रही संपतं. नॅशनल ट्रस्टच्या कायद्यात पालकत्वाची सोय आहे, पण ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुदिव्यांगत्व यांच्यासाठी, डिमेन्शियाला नाही. मग पालकत्वासाठी उरतं उच्च न्यायालय. तेव्हा त्यासाठी मुंबई गाठावी लागत होती. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच सुरू झालं, हा आमच्यासारख्यांना केवढा दिलासा आहे ते मुंबईच्या खेपा घातलेल्यांनाच कळेल. आम्ही अजून अर्ज केलेला नाही, तेवढी गरज पडलेली नाही. पण तुमच्या घरात निदान नुकतंच झालं असेल आणि माणसाला अजून कळत असेल, तर खातं जोडनावावर करणं, वारस लावणं, मृत्युपत्र हे विषय आजच काढा. अवघड वाटतं. नंतर काढताच येत नाहीत.

दुसरी गोष्ट पेन्शनची. वडील उद्यमनगरात फाउंड्रीला होते, त्यांच्या मागं आईला पीएफची महिन्याला हजारभर पेन्शन येते. त्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला. बोटांचे ठसे उठेनात, म्हणून मोबाईलवर चेहरा दाखवून 'जीवन प्रमाण' काढायचं ठरवलं. त्यात डोळे मिचकावावे लागतात. "आई, डोळे मीट." ती टक लावून बघते. "आई, उघड-झाक कर." बघतेच. सहा वेळा गेलं. शेवटी बायकोनं तिच्या चेहऱ्यावर हलकी फुंकर मारली. झालं. नोव्हेंबर २०२५ चाही दाखला तसाच काढला.

कार्डाचं एक सांगायचं राहिलं. जूनमध्ये ते दोन दिवस सापडत नव्हतं. सगळं घर पालथं घातलं. तिसऱ्या दिवशी बायकोनं भाजीसाठी चटणीची बरणी उघडली तर आत उभं खोचलेलं. आईला विचारलं तर म्हणाली, "मिठाचं प्रमाण लिवलंय त्यावर. ऱ्हाऊ दे." आम्ही पुसून घेतलं, पण वास जात नाही. आता मूळ कार्ड माझ्या ऑफिसच्या कपाटात आहे. बरणीत त्याची लॅमिनेट केलेली झेरॉक्स ठेवली आहे, कारण ती अधूनमधून उघडून बघते.